डीएनबी प्रॅक्टिकलसाठी परगावी निघालेल्या मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

थिअरीचा निकाल लागला, पास दिसलं, घरी पेढे वाटून झाले आणि आता बऱ्याच जणांचा जीव ॲडमिट कार्डात अडकलाय, की प्रॅक्टिकलला कुठलं शहर येतंय. मी नाशिकमधली भूलतज्ज्ञ आहे, डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची एमडी-एमएसच्या तोडीची पदवी, करूनच झालेली. आमच्याकडचे रेसिडेंट दरवर्षी या परीक्षेला निघतात तेव्हा लाँग केस (एक पेशंट सविस्तर तपासून परीक्षकांपुढे मांडणं) कशी मांडायची, टेबल व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय विचारतात हे सांगायला दहा जण असतात, पण उतरायचं कुठे, जायचं कसं, किती आधी पोचायचं हे कोणी नीट बसून सांगत नाही, प्रत्येक जण आपापलं धडपडतं. म्हणून हे पत्र. अभ्यासाचं यात काही नाही, फक्त प्रवास आणि मुक्काम.

आपलं आणि एमडी-एमएसवाल्यांचं इथेच वेगळं पडतं. आरोग्य विद्यापीठाची परीक्षा देणारी मुलं बहुतेक करून आपल्याच कॉलेजात, आपल्याच वॉर्डात, ओळखीच्या सिस्टर्ससमोर प्रॅक्टिकल देतात, एक्स्टर्नल परीक्षक बाहेरून येतात. डीएनबीत बॅग उमेदवारानेच उचलायची. राष्ट्रीय बोर्ड सेंटर देईल तिथे जायचं, मग ते विजयवाडा असो, लखनौ असो नाहीतर कोलकाता, आणि सेंटर बदलून मिळेल या आशेवर दिवस घालवू नका, तेच दिवस तिकिटाला द्या. थिअरी पास झाल्यावर प्रॅक्टिकलच्या तीन संधी असतात हे खरंय, पण पहिली संधी सगळ्यात चांगली, वाचलेलं ताजं असतं, हात चालता असतो. ती प्रवासाच्या दगदगीत वाया जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

तर पहिली गोष्ट, आणि बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी ही ठेवा: हॉस्पिटलच्या गेटपर्यंत चालत जाता येईल अशी खोली, आणि परीक्षेआधी दोन रात्री त्या गावात. एक नाही, दोन. पहिली रात्र प्रवासाची असते, अंग आंबलेलं असतं, नवीन गादी नवीन उशी, झोप अशी लागतच नाही. दुसऱ्या रात्री शरीर जागेला सरावतं. आणि गाडी आठ तास लेट झाली, फ्लाइट रद्द झाली, बॅग दुसऱ्या गावाला गेली, तर हा मधला दिवस सगळं पोटात घेतो. एका रात्रीचं भाडं वाचवायला आदल्या संध्याकाळी पोचणारे मी खूप पाहिलेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण परीक्षेची फी भरली, कोर्स लावले, पुस्तकं घेतली आणि शेवटच्या हजार-दीड हजारावर हात आखडला. स्टायपेंड किती असतो मला माहितीय, पण काटकसर दुसरीकडे करा, इथे नको.

खोली शोधायच्या आधी ॲडमिट कार्डवरचा पत्ता पिनकोडसकट वाचा. मोठ्या ग्रुपच्या हॉस्पिटलांच्या एकाच शहरात तीन-तीन चार-चार शाखा असतात, चेन्नईत ग्रीम्स रोडवरचं अपोलो वेगळं आणि वानगरमचं अपोलो वेगळं, दोन्हींत बरंच अंतर आहे. नुसतं नाव टाकून मॅपने दाखवलं ते धरून बुकिंग केलं की फसायला होतं. दुसरं म्हणजे सरकारी हॉस्पिटलाचं कागदावरचं नाव एक असतं आणि गावात दुसरंच चालतं. आपल्याकडेच बघा ना, बाहेरून आलेल्या मुलाने दादरला टॅक्सीवाल्याला लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय म्हटलं तर तो दोनदा विचारेल, सायन हॉस्पिटल म्हटलं की मीटर टाकेल. कोलकात्यात एसएसकेएमला सगळे पीजी हॉस्पिटल म्हणतात. चेन्नईत राजीव गांधी जनरल हॉस्पिटलला नुसतं जीएच म्हटलं तरी रिक्षावाला आणून सोडतो, आणि ते चेन्नई सेंट्रल स्टेशनच्या समोरच आहे, त्यामुळे तिथे सेंटर असेल तर लांब उतरायची काही गरजच नाही. तिथल्या एखाद्या रेसिडेंटला फोन करून लोकांत चालणारं नाव विचारून घ्या.

मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास लॉजची एक वेगळीच दुनिया असते. पेशंटचे नातेवाईक महिना-महिना राहतात म्हणून ती लॉज उभी राहिलेली असतात. वेल्लोरला सीएमसीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरलात तर बंगालमधून, आसाममधून आलेली माणसं दिसतील, दुकानदार तमिळ आणि वर हिंदी-बंगाली बोलतात. कोलकात्यात बायपासला मुकुंदपूर भागात तसंच आहे, दिल्लीत एम्स-सफदरजंगच्या मागे युसूफ सराय, गौतम नगर. ही लॉज दिसायला साधी असतात, लॉबी नसते, लिफ्ट असली तर असली, पण त्यांना पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाची सवय असते, चहा लवकर मिळतो, रात्री गोंगाट कमी असतो आणि तुम्ही पांढरा ॲप्रन घालून खाली आलात की कोणी टकामका बघत नाही. मी स्वतः चकचकीत हॉटेलपेक्षा अशा लॉजच्या बाजूने आहे. फक्त खोली आणि बाथरूम स्वच्छ आहे का ते कोणाकडून तरी कळू द्या, ॲपवरच्या फोटोंवर जाऊ नका.

आणि बुकिंग ॲपवर केलंत तरी लॉजवर स्वतः फोन करा. हे मी कळकळीने सांगतेय. ॲपवर कन्फर्म दाखवतं आणि रात्री अकराला काउंटरवरचा माणूस म्हणतो आमच्याकडे असलं काही आलेलंच नाही, हे घडतं. फोनवर नाव सांगा, तारीख सांगा, मी डॉक्टर आहे, परीक्षेला येतेय, शांत खोली हवीय असं सरळ सांगा, आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. मग विचारा: खाली किंवा शेजारी लग्नाचा हॉल आहे का, त्या दिवशी बुकिंग आहे का. गरम पाणी किती वाजता येतं, कारण पुष्कळ ठिकाणी सोलर असतो आणि पहाटे पाणी गारच असतं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. चेकआउट बारा वाजता आहे की चोवीस तासांचं आहे, तुमची गाडी पहाटे पोचणार असेल तर यावरून एका दिवसाचं भाडं वाचतं.

लग्नाच्या हॉलचं उगाच सांगत नाहीये. आमच्याकडची एक मुलगी दूरच्या एका शहरात चांगल्यापैकी हॉटेलात उतरली होती, फोटो छान, नाश्ता फ्री, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. रात्री नऊला खाली डीजे सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावर तिच्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं, खिडकीची काच वाजत होती, कानात बोळे घालून ती एबीजीचे, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे, आकडे वाचत होती आणि तीच ओळ परत परत. साडेबाराला तिने खाली जाऊन मॅनेजरला मागच्या बाजूची खोली मागितली, त्याने दिली, चांगला माणूस होता, पण सामान हलवून अंथरुणावर पडेपर्यंत दीड वाजला आणि सकाळी आठला रिपोर्टिंग. ती पास झाली, पण त्या दिवशी तिला जे सोसावं लागलं ते कोणाला लागू नये.

आता प्रवास. कार्ड हातात येईपर्यंत रेल्वेचं रिझर्व्हेशन बहुतेक वेळा भरलेलं असतं, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि तुम्हाला तारीख त्याच्या खूप नंतर कळते. वेटिंगवर विसंबू नका, ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट बनताना कन्फर्म नाही झालं तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. तत्काळ एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी. लांबून येणारी गाडी मधल्या स्टेशनवरून पकडणार असाल तर ही तारीख नीट मोजा. आणि २०२५ च्या जुलैपासून आयआरसीटीसीवर तत्काळ काढायला आधार जोडलेलं अकाउंट लागतं, ते आजच जोडून ठेवा, ऐन दहा वाजता ओटीपीची वाट बघत बसू नका. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत हेही माहीत असू द्या.

कोलकाता आलं तर मुंबई-हावडा प्रवास बहुतेक गाड्यांनी तीस तासांच्या वरचा आहे. अभ्यास करत जाऊ, पुस्तकं असतील सोबत, असं सगळे म्हणतात. पहिले चार तास होतो अभ्यास, मग एसीच्या गारठ्याने घसा धरतो आणि शेजारच्यांची लेकरं रडत असतात. जमत असेल तर जाताना विमान आणि येताना रेल्वे करा, खर्च विभागला जातो आणि जाताना शरीर ताजं राहतं. रेल्वेनेच जाणार असाल तर कुर्ल्याहून सुटणाऱ्या काही गाड्या हावड्याला नाही तर शालिमारला जाऊन थांबतात, ते तिकिटावर बघा. हावड्याला उतरलात तर आता स्टेशनवरूनच मेट्रो आहे, नदीच्या खालून थेट एस्प्लनेड आणि पुढे सियालदा, त्यामुळे पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची गरज राहिली नाही. दिल्लीला पुण्याकडून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या निजामुद्दीनला सोडतात, नवी दिल्लीला नाही. बेंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, गावापासून इतकं लांब की फ्लाइटपेक्षा टॅक्सीत जास्त वेळ जाऊ शकतो. हैदराबादला गांधी हॉस्पिटलच्या नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, ते सेंटर आलेल्यांनी टॅक्सीच्या भानगडीत पडूच नये.

ऋतू बघा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुक्याने गाड्या आणि विमानं दोन्ही रखडतात, तिथे दोन रात्रींच्या तीन करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चेन्नईला परतीच्या पावसाचा जोर असतो, रस्त्यावर पाणी साचतं, म्हणून चालत जाता येणाऱ्या खोलीला तिथे दुप्पट किंमत. दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्यात खोली मिळणं अवघड आणि रस्ते माणसांनी भरलेले. बाहेरून कोणी मुंबई-पुण्याला गणपतीत येत असेल तर विसर्जनाच्या दिवशी रस्ते कसे बंद असतात हे आपण त्यांना सांगायला हवं, त्यांना कुठून कळणार.

बॅगेबद्दल. विमानाने जाताना दोन भाग करायचे आणि यात चुकायचं नाही. ॲडमिट कार्डाच्या प्रिंट, ओरिजिनल ओळखपत्र, कार्डावर आणायला सांगितलेले बाकीचे कागद, स्टेथो, इस्त्री केलेला एक ॲप्रन आणि परीक्षेचे कपडे हे सगळं केबिन बॅगेत, म्हणजे चेक-इन बॅग आली नाही तरी परीक्षा देता येते. पॉवर बँकही केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही. पण नी हॅमर, कात्री, पिना असलं केबिनमध्ये ठेवलंत तर सिक्युरिटीला ठेवून घ्यायची शक्यता असते, ते चेक-इनमध्ये टाका आणि हॅमर तर तिथल्या एखाद्या रेसिडेंटकडून उसना मिळेल का तेही विचारून ठेवा. मेडिसिनवाल्यांनी १२८ चा ट्यूनिंग फोर्क, टॉर्च, मोजायची टेप, कापूस, ऑप्थाल्मोस्कोप घ्या आणि सेल नवीन घाला. पीडियाट्रिक्सवाल्यांनी ग्रोथ चार्ट आणि एखादं रंगीत खुळखुळं घ्या, अनोळखी वॉर्डातलं बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघून शांत होणार नाही. बूट नवे घेऊ नका, दिवसभर उभं राहायचंय. आणि साधं काट्याचं घड्याळ, स्मार्ट वॉच नाही, कारण फोन आणि तसली यंत्रं बहुतेक ठिकाणी काढून ठेवायला सांगतात आणि मग लाँग केसला वेळ किती उरला हे कळत नाही.

मधल्या दिवशी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, सकाळी ज्या वेळेला रिपोर्टिंग आहे त्याच वेळेला खोलीतून निघून हॉस्पिटलपर्यंत चालत जा. दुपारी नाही, सकाळीच, कारण सकाळी ओपीडीची रांग गेटाबाहेर आलेली असते, सरकारी हॉस्पिटलला चार गेटं असतात आणि त्यातली दोन त्या वेळेला बंद असतात हे तेव्हाच दिसतं. डिपार्टमेंट कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर, लिफ्टला रांग किती, बाथरूम कुठे, प्यायचं पाणी कुठे, एवढं बघा आणि परत फिरा. वॉर्डात शिरू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतेय कारण दरवेळी कोणीतरी येऊन म्हणतं की उद्याच्या केसेस आज ठेवल्यात, चल बघून येऊ, अमुक बेडवर मायट्रल स्टेनॉसिस आहे, तमुक बेडवर स्प्लीन आहे. जाऊ नका. ते गैर आहे, पकडले गेलात तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल आणि नाही पकडले गेलात तरी शेजारच्या मुलाने प्रामाणिकपणे जे हाताने शोधलं ते तुम्ही कानाने ऐकलेलं असेल. शिवाय सकाळी पेशंट बदलतात, मग ऐकलेलं निदान डोक्यात घेऊन समोरच्या पेशंटला तपासणारे चांगले चांगले गडबडतात.

पेशंटची भाषा हा मोठा धसका असतो. बहुतेक ठिकाणी दुभाष्याला कोणीतरी इंटर्न नाहीतर सिस्टर देतात, तरी चार वाक्यं पाठ करून जा, पेशंटचा चेहराच बदलतो. बंगालीत कोथाय ब्यथा, जोरे शाश निन. तमिळमध्ये एंगे वलिक्कुदु. कन्नडमध्ये नोवु एल्लिदे. तेलुगूत नोप्पी एक्कड उंदी. नीट उच्चार लॉजच्या पोऱ्याकडून नाहीतर चहावाल्याकडून म्हणून घ्या, तो आनंदाने शिकवतो. पेशंटच्या आजाराचा इतिहास दुभाष्यामार्फत घेताना वेळ दुप्पट जातो, तेव्हा घरी सराव करताना पाच-सात मिनिटं कमी धरूनच करा.

जेवणाचं आपल्या लोकांना सांगावं लागतं. गेलोच आहोत तर तिथलं खाऊन बघू ही हौस परीक्षेनंतर. आधीचे दोन दिवस गरम, समोर शिजलेलं, साधं. दक्षिणेत इडली कुठेही मिळते आणि ती चांगलीच, पण ओली चटणी टाळा, तिच्यातलं पाणी कुठलं ते माहीत नसतं. बाटलीबंद पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, आणि घरून तहानलाडू-भूकलाडू सोबत असू द्या, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खाकरे. हॉटेलचा फ्री नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि तुम्हाला आठला हजर व्हायचं असतं, तेव्हा आदल्या रात्रीच केळी आणि ब्रेड आणून ठेवा. परीक्षा संध्याकाळपर्यंत चालू शकते, मध्ये चहा-बिस्कीट बरेचदा मिळतं, जेवण मिळेलच असं नाही. ॲप्रनच्या खिशात चिक्कीचा तुकडा ठेवा, साखर खाली गेलेल्या डोक्याला सोपा ईसीजीही वाचता येत नाही.

भूलतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट सांगायचा मला हक्क आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच झोपेची गोळी घेऊ नका आणि सकाळी पहिल्यांदाच प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. हात थरथरतात म्हणून कोणीतरी मित्र देतो आणि सगळे घेतात, पण ज्याला दमा आहे त्याला ती गोळी किती महागात पडते हे तुम्ही स्वतः पेशंटला सांगत असता. परक्या गावात, एकट्या खोलीत, कधी न घेतलेलं औषध, हे मला अजिबात पटत नाही. झोप नाही लागली तर दिवा बंद करून नुसतं पडून राहा, एका रात्रीच्या अर्धवट झोपेवर तुम्ही तीन वर्षं इमर्जन्सी केलेल्या आहेत.

बायकांसाठी थोडं वेगळं. एकट्या मुलीला खोली द्यायला काही लॉजवाले अजून कां-कूं करतात, ते आधीच फोनवर विचारून मोकळं व्हा. तळमजल्याची खोली नको, दाराला आतून कडी आहे का ते सामान ठेवायच्या आधी बघा, रात्री उशिरा पोचणारं तिकीट काढूच नका. दिल्लीत आणि कोलकात्यात आपल्या लोकांची महाराष्ट्र मंडळं, भवनं आहेत, दिल्लीला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन, कोलकात्याला हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास. खोली असेलच असं नाही आणि हॉस्पिटल लांब पडू शकतं, पण सोबत आई किंवा सासूबाई असतील तर दिवसभर त्यांना मराठी बोलणारं माणूस भेटतं, हा धीर कमी नाही.

आणि ज्यांची बाळं लहान आहेत त्यांनी परीक्षा पुढे ढकलायच्या आधी हे वाचा. आमची एक ज्युनियर सहा महिन्यांचं बाळ आणि सासूबाईंना घेऊन गेली. खोली गेटाच्या बरोबर समोर घेतली, भाडं जास्त पडलं. सासूबाईंना आदल्या दिवशी हॉस्पिटलचं गेट दाखवून आणलं, वाटी-चमचा, थर्मास, दोन दिवसांचे लंगोट सगळं मोजून नेलं होतं. सकाळी रिपोर्टिंगला तिने तिथल्या को-ऑर्डिनेटर मॅडमना बाजूला घेऊन सरळ सांगितलं की मी अंगावर पाजतेय, मधे वीस मिनिटं मिळाली तर बरं होईल. मॅडमनी तिची टेबल व्हायवा आधी घेतली आणि साइडरूमची किल्ली दिली. ॲप्रनला ओल आली म्हणून दुसरा ॲप्रन घातला, तो तिने मुद्दाम नेला होता, आणि पुढच्या केसला उभी राहिली. सगळीकडे असं समजून घेणारं माणूस भेटेलच असं मी म्हणत नाही, पण न सांगता सोसत बसू नका. गरोदर असाल, डायबिटिस असेल, पाय फ्रॅक्चर असेल, सकाळीच सांगा.

सोबत्याचं काय, असं बरेच जण विचारतात. एकाच सेंटरला चार जण असतील तर ग्रुप करा, टॅक्सी वाटून घ्या, लॉज एकच घ्या. खोली मात्र ज्याच्यासोबत झोप येते त्याच्याचबरोबर. रात्री दोनला हे वाचलंस का, ते वाचलंस का असं विचारणारा मित्र कितीही जिवाचा असला तरी त्या दोन रात्री वेगळ्या खोलीत बरा. आईवडील येत असतील तर त्यांचं पर्यटन नंतर. आणि घरच्यांना सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही, कारण सहा तास फोन बंद दिसला की घरी देव पाण्यात घालून बसतात.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. शेवटचा नंबर तुमचा असू शकतो, परीक्षा सातला संपू शकते, आणि सहाच्या फ्लाइटचा विचार डोक्यात घेऊन शॉर्ट केस तपासणाऱ्या मुलाचे हात घाईत असतात, परीक्षकाला ते लगेच दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं काढा. काही विषयांना परीक्षा दोन दिवसांत विभागलेली असते, कार्डावर तारखा बघा. निकाल तिथे सांगत नाहीत, तो नंतर लागतो, तेव्हा कोणत्याही परीक्षकाच्या मागे लागू नका. त्या संध्याकाळी मात्र मासे खा, गोंगुरा खा, मिष्टी दोई खा, जे राहिलं असेल ते सगळं.

आता जरा दुसऱ्यांशी बोलते, ज्यांच्या डिपार्टमेंटला सेंटर येतं त्या आपल्याकडच्या रेसिडेंटशी आणि सरांशी-मॅडमशी. मुंबईत, पुण्यात, नागपुरात केरळहून, आसामहून, बिहारहून मुलं येतात. त्यांना आपलं परळ आणि प्रभादेवी सारखंच, ससून पुणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे हे त्यांना माहीत नसतं, स्वस्त दिसलं म्हणून कोणी वसईला खोली घेतं आणि सकाळी लोकलच्या दारात लटकतं. एक पानभर लिहा. कुठलं गेट सकाळी सातला उघडं असतं, डिपार्टमेंट कितव्या मजल्यावर, जवळची चार बरी लॉज, सकाळी सहाला चहा-पोहे कुठे मिळतात, बॅगा ठेवायला खोली आहे का, बाथरूम कुठलं स्वच्छ आहे, अडचण आली तर ऑफिसचा कुठला नंबर. यात परीक्षेची गुपितं काही नाहीत, त्यामुळे कोणाची हरकत असायचं कारण नाही, आणि एका रेसिडेंटचं अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्याकडे आम्ही परतणाऱ्या प्रत्येकाकडून असं पान लिहून घेतो, शहराचं आणि हॉस्पिटलचं नाव वर, खाली लॉजचा खर्च आणि कुठली खोली घेऊ नये तेही. तुम्ही परत आलात की बॅग उघडायच्या आधी तुमच्या डिपार्टमेंटसाठी एक लिहा, दोन आठवड्यांनी गेटाचा नंबर आठवत नाही.

तुमची,
नाशिकची एक भूलतज्ज्ञ ताई